ओळखीची खतावणी

घरातील मुलीने वा मुलाने अंतर्गत सजावटीच्या, म्हणजे इंटिरिअर डिझाइनच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, की आपल्या व्यापारी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘कामाची चिंता नको, आपल्या ओळखी पुष्कळ आहेत.’ वाक्य मायेचे असते आणि खोटेही नसते. काकांचे प्लायवूडचे दुकान असते, मामांचा टाइल-संगमरवराचा व्यापार असतो, समाजात कोणी ना कोणी नवे घर घेतच असते. पदवी हाती पडताच पहिली दोन-तीन कामे या गोतावळ्यातून मिळतातही. खरा प्रश्न चौथ्या कामापासून सुरू होतो. गोतावळा संपतो, आणि मग ध्यानात येते, की आतापर्यंतचे प्रत्येक काम ‘अमक्यांची मुलगी’ वा ‘तमक्यांचा मुलगा’ म्हणून मिळाले होते. कामातील जाणकारीमुळे नव्हे.

म्हणून या वेळच्या सदरात दोन गोष्टींचा विचार करू. शिकत्या वयातच व्यावसायिक ओळखी कशा जोडाव्यात ही एक. आणि त्यात घरच्यांनी काय करावे व कोठे थांबावे ही दुसरी.

प्रथम या व्यवसायाची एक विशेष अवस्था ध्यानात घेतली पाहिजे. आपल्या देशात १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमानुसार वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असल्याखेरीज कोणालाही स्वतःस ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेता येत नाही. इंटिरिअर डिझायनर या नावाला मात्र असे कायद्याचे कुंपण नाही. चार वर्षे शिकून आलेली विद्यार्थिनी आणि चार महिन्यांचा वर्ग केलेला होतकरू, दोघांच्याही पाटीवर एकच शब्द असतो. ग्राहकाने मग निवड कशावरून करावी? अर्थातच कोणाच्या तरी सांगण्यावरून. वैद्याला सनद असते, वकिलाला सनद असते. या व्यवसायात लोकांचा शब्द हीच सनद. व्यापारी घरांना हे नव्याने सांगावयास नको. पेढी वारशाने मिळते, परंतु बाजारातील पत प्रत्येक पिढीला आपल्या हाताने पुन्हा कमवावी लागते, हे आपल्या आजोबांनी अनुभवले आहे.

ही पत जोडण्याची रीत शिकावयाची, तर दूर जाण्याचे कारण नाही. त्र्यंबकेश्वरला गेलेल्या अनेक वाचकांनी तीर्थपुरोहितांकडील नामावळीच्या वह्या पाहिल्या असतील. यजमानाने गाव व आडनाव सांगावे, गुरुजींनी वही काढावी, आणि त्या पानांत पणजोबांचे नाव सापडावे, हा तेथला नित्याचा अनुभव. कोण आले, कधी आले, सोबत कोण होते, घरात मुलेबाळे किती, याची नोंद त्यात असते. आणि आज आलेल्याची नवी नोंद लगेच खाली लिहून घेतली जाते. धार्मिक अंग क्षणभर बाजूला ठेवून निव्वळ व्यवहार म्हणून पाहिले, तरी ही व्यवस्था थक्क करणारी आहे. शेकडो मैलांवरची घराणी पिढ्यान्‌पिढ्या एकाच दारी येतात, याचे कारण एवढेच, की त्या दारी त्यांची आठवण ठेवली जाते. तेथे ओळखींचा नुसता साठा होत नाही. ओळख लिहिली जाते, जपली जाते आणि माणूस परत आला की तिला उजाळा मिळतो.

आजच्या विद्यार्थ्यांकडे संपर्क थोडे नसतात. भ्रमणध्वनीत हजार क्रमांक असतात, लिंक्डइनवर पाचशे नावे असतात, इन्स्टाग्रामवर त्याहून अधिक. पण त्यांतील कोणाशी शेवटचे बोलणे कशाविषयी झाले, त्याने कोणती गोष्ट शिकवली, त्याच्या कोणत्या अडचणीत आपण उपयोगी पडलो, असे विचारले तर बहुतेक रकाने कोरे निघतील. नावांची यादी म्हणजे ओळख नव्हे. नुसत्या रोजकिर्दीला कोणी खतावणी म्हणत नाही. प्रत्येक खात्याला स्वतंत्र पान हवे, आणि त्यात जमा व नावे अशा दोन्ही बाजू हव्यात. ज्या खात्यातून आपण केवळ घेतच राहिलो, ते खाते आज ना उद्या बंद पडते.

ओळख दाट असलीच पाहिजे, असाही एक समज आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली या विषयावर एक गाजलेला निबंध प्रसिद्ध केला. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावी ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारले, की ज्याच्याकडून बातमी कळली तो माणूस तुम्हाला कितीदा भेटत असे? वारंवार भेटणारे सुमारे १७ टक्के निघाले, अधूनमधून भेटणारे सुमारे ५६ टक्के, आणि क्वचितच भेटणारे सुमारे २८ टक्के. कारण उघड आहे. जवळच्या माणसांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊकच असते. नवी वार्ता येते ती दुसऱ्या वर्तुळातील माणसाकडून. काका-मामांचा गोतावळा कितीही मोठा असला, तरी तो एकच वर्तुळ आहे. विद्यार्थ्याने पाऊल टाकावयाचे ते त्या वर्तुळाबाहेर.

बाहेर म्हणजे नेमके कोठे? नामवंत डिझायनरांच्या व्याख्यानाला जावे, त्यांच्यासोबत छायाचित्र काढावे, असे मुलांना वाटते. व्याख्यान जरूर ऐकावे. परंतु वहीतील पहिले पान सुतारमिस्त्रीचे असावे, दुसरे पॉलिशवाल्याचे, तिसरे वेल्डिंग करणाऱ्याचे, चौथे इलेक्ट्रिशियनचे. नाशिकहून त्र्यंबककडे जाणाऱ्या रस्त्यावरच सातपूरची औद्योगिक वसाहत आहे. पत्रा कसा वाकवतात, पावडर कोटिंग कसे होते, एखादा सांधा रेखाटनात सोपा दिसतो पण यंत्रावर का बसत नाही, हे अशा ठिकाणच्या लहान कारखान्यांत एका दुपारी कळते; वर्गातील संगणकाच्या पडद्यावर ते वर्षभरात कळत नाही. ‘दादा, हे रेखाटन तुम्हाला बनवायला दिले तर तुम्ही यात काय बदलाल?’ या एका प्रश्नाने जेवढी दारे उघडतात, तेवढी गुळगुळीत कागदावरच्या भेटपत्राने उघडत नाहीत. कारागिराला आदराने विचारणारे थोडे असतात, म्हणून विचारणारा त्याच्या लक्षात राहतो. पुढे एखादे घरमालक त्यालाच विचारतात, ‘कोणी चांगला डिझायनर आहे का?’, तेव्हा त्याच्या तोंडी येणारे नाव फार मोलाचे असते.

दुकानदाराशी ओळखही अशीच, प्रश्नातून व्हावी. आपल्या समाजातील कितीतरी पेढ्या मोरबीची टाइल, किशनगडचा संगमरवर, यमुनानगरचे प्लायवूड विकतात. त्या पेढीवर विद्यार्थी जातो तो बहुधा नमुन्यांची पुस्तके मागण्यासाठी. त्याने त्याऐवजी विचारून पाहावे, की सर्वसाधारण वापरासाठीचे आयएस ३०३ मानकाचे प्लायवूड आणि सागरी प्रतीचे आयएस ७१० मानकाचे प्लायवूड यांत फरक काय, तो हाताला कसा कळतो, आणि आठ बाय चारच्या तक्त्यावर छापलेला शिक्का खरा की खोटा हे कसे ओळखावे. त्र्यंबकसारख्या गावी, जेथे पावसाळ्यात ब्रह्मगिरीवरचे ढग दिवसचे दिवस हटत नाहीत आणि भिंतींना ओल धरते, तेथे हा प्रश्न परीक्षेपुरता राहत नाही. स्वयंपाकघरातील कपाट तीन पावसाळ्यांत फुगले, तर दोष कोणी प्लायवूडला देत नाही. डिझायनरचे नाव घेतले जाते. तीस वर्षे गल्ल्यावर बसलेल्या व्यापाऱ्याचे ज्ञान हा एक न छापलेला ग्रंथ आहे. वाचकांपैकी जे असे व्यापारी असतील, त्यांना विनंती, की असे प्रश्न घेऊन कोणी मुलगी आली, तर पाच मिनिटे द्या. आज ती ग्राहक नाही, पण उद्या तिच्या शब्दावर ग्राहक येणार आहेत.

आता जमेच्या बाजूविषयी. विद्यार्थ्यापाशी पैसा नसतो, अनुभव नसतो, मग तो देणार काय? त्याच्यापाशी दोन गोष्टी असतात : वेळ आणि रेखाटनाचे कौशल्य. त्र्यंबकेश्वरचेच उदाहरण घेऊ. नारायण नागबळीसारख्या विधींसाठी आलेल्या यजमानांना तीन दिवस मुक्काम करावा लागतो. त्यामुळे गावातील कित्येक घरे एकाच वेळी राहते घरही असतात आणि यात्रेकरूंचा निवासही. कुशावर्तावर स्नान करून ओलेत्याने परतणारी माणसे, गुडघे दुखणारे वृद्ध, एकाच वेळी पंगतीला बसणारी दोन-तीन कुटुंबे, सोवळ्याओवळ्याचे नियम, आणि या सर्वांत घरच्या शाळकरी मुलांना अभ्यासाला लागणारा एक कोपरा : अंतर्गत रचनेचा याहून कसोटीचा प्रश्न पाठ्यपुस्तकात सापडणे कठीण. एखाद्या विद्यार्थ्याने घरमालकांच्या परवानगीने अशा एका घराची मापे घ्यावीत, नीट आराखडा काढावा, ओल कोठून येते, वृद्धांना आधारासाठी कठडा कोठे हवा, ओले कपडे कोठे वाळावेत, याची टिपणे करावीत, आणि त्या साऱ्याची एक स्वच्छ प्रत घरमालकांना विनामूल्य द्यावी. अनेक जुन्या घरांचा मोजून काढलेला नकाशाच घरात नसतो. दुरुस्ती, वाटणी, कर्ज अशा कितीतरी वेळी तो कामास येतो आणि दर वेळी त्याच्या कोपऱ्यातील नाव वाचले जाते. मागण्याआधी द्यावे, एवढाच या विद्येचा पहिला पाठ.

व्यवसायबंधूंशी नाते जोडण्यालाही महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत वास्तुकला शिकून बाहेर पडलेल्या काही तरुणांनी १९१७ मध्ये ‘आर्किटेक्चरल स्टुडंट्स असोसिएशन’ स्थापन केली. गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुकार जॉर्ज विटेट यांचे मार्गदर्शन तिला लाभले. १९२२ मध्ये तिची ‘बॉम्बे आर्किटेक्चरल असोसिएशन’ झाली आणि १९२९ मध्ये ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’. आज देशभर पसरलेल्या संस्थेचे मूळ अशा रीतीने एकमेकांना धरून राहू पाहणाऱ्या मूठभर माजी विद्यार्थ्यांत आहे. याच संस्थेने १९३७ मध्ये मुंबईच्या टाउन हॉलमध्ये आदर्श घराचे प्रदर्शन भरवले. घर आतून कसे असावे हे सामान्य कुटुंबांना दाखवावे, आणि वास्तुकार, साहित्याचे व्यापारी व ग्राहक यांची एका छताखाली गाठ पडावी, असे त्याचे स्वरूप होते. अंतर्गत सजावटकारांची स्वतःची संस्था, ‘इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरिअर डिझायनर्स’, १९७२ मध्ये निघाली आणि नाशिकमध्येही तिची शाखा आहे. विद्यार्थ्यांनी अशा संस्थांच्या सभांना, प्रदर्शनांना जावे; मात्र प्रेक्षक म्हणून कोपऱ्यात उभे राहू नये. खुर्च्या मांडणे, पाहुण्यांना आणणे, नोंदी घेणे अशी स्वयंसेवकाची कामे मागून घ्यावीत. मंचावरील माणूस श्रोत्यांना विसरतो, वेळेवर गाडी घेऊन आलेल्या मुलाला विसरत नाही. आणि सर्वांत मोलाचे सोबती शेजारच्या बाकावरच असतात, हेही विसरू नये. आज ज्याला आपण गुणांच्या शर्यतीतील प्रतिस्पर्धी मानतो, तोच दहा वर्षांनी आपल्या हाताबाहेरचे काम आपल्याकडे वळवणार असतो, किंवा वळवणार नसतो.

आता एक नाजूक विषय. तो बोलल्याखेरीज हे लेखन प्रामाणिक होणार नाही, कारण त्यात आपण दोन्ही बाजूंना आहोत : डिझायनर झालेल्या मुलांचे पालक म्हणून आणि साहित्य विकणारे व्यापारी म्हणून. ग्राहकाला दुकानात आणल्याबद्दल डिझायनरला गुपचूप ठरावीक टक्का देण्याची रीत बाजारात आहे. समजा, ग्राहकाने ५ लाखांचे साहित्य घेतले आणि १० टक्के डिझायनरकडे गेले. ते ५० हजार कोणाच्या खिशातून गेले? दुकानदार ते दरात मिळवतो. म्हणजे ग्राहकानेच दिले, पण त्याला न सांगता. त्या दिवसापासून डिझायनरची निवड ग्राहकाच्या हिताची राहत नाही, टक्क्याची होते. चांगल्या मालाचा व्यापारी मागे पडतो, जास्त टक्का देणारा पुढे येतो. आणि ग्राहकाला हे कधीतरी कळतेच. मिस्त्री सांगतो, शेजारी सांगतो, दुसऱ्या दुकानातील दरपत्रक सांगते. मग तो डिझायनरवरही विश्वास ठेवत नाही आणि दुकानावरही.

नव्या मुलाला ही कमाई फार सोपी वाटते आणि तेथेच त्याच्या ओळखींचा पाया खचतो. याउलट या भूमीतील जुन्या व्यापारी रीतीकडे पाहा. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा एक शिलालेख आहे. उषवदाताने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ व्याजाने, १,००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज होते २४०. त्यातून २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी द्यावयाचे. हा सारा ठराव निगमसभेत वाचून दाखवला गेला, नोंदला गेला आणि दगडात कोरला गेला. नाशिक-त्र्यंबक वाटेवरील अंजनेरीच्या जैन मंदिरातही यादवकाळातील, शके १०६३ चा लेख आहे. दुकानांचे उत्पन्न मंदिराला दिल्याची ती नोंद. दर किती, रक्कम कोणाची, ती कोणाकडे जाणार, हे चारचौघांत वाचता येईल असे लिहून ठेवावयाचे, ही आपली वहिवाट. जो व्यवहार लिहिता येत नाही तो करू नये, ही कसोटी आजही पुरेशी आहे. डिझायनरने पहिल्याच भेटीत आपले शुल्क कागदावर लिहून द्यावे आणि दुकानातून मिळणारी प्रत्येक सूट ग्राहकाच्या बिलात दाखवावी. व्यापाऱ्यानेही सूट द्यावयाची असेल तर ती बिलातच द्यावी. सुरुवातीला चार कामे हातची जातील. पाचवे येईल ते मात्र सचोटीच्या बोलबाल्यामुळे येईल, आणि ते कोणी हिरावून घेऊ शकणार नाही.

दुसरी गोष्ट मुलींविषयीची. या अभ्यासक्रमाला आपल्या घरांतून मुली आनंदाने पाठवल्या जातात. शुल्क भरले जाते, संगणक घेऊन दिला जातो. पुढे तिने साइटवर जावयाचे म्हटले की प्रश्न येतो. ‘मिस्त्री लोकांत कशाला? रेखाटन घरी बसून कर, बाकीचे भाऊ बघेल.’ काळजी खरी आहे. बांधकामाच्या जागी संध्याकाळनंतर एकटीने थांबू नये हेही खरे. पण सुरक्षिततेची व्यवस्था करणे निराळे आणि तिच्या जागी दुसऱ्याला उभे करणे निराळे. तिच्यासोबत जाणे आणि तिच्या वतीने बोलणे यांत फार अंतर आहे. मिस्त्रीशी भाव भावाने ठरवला, हिशेब वडिलांनी केला, ग्राहकाचा फोन काकांनी घेतला, तर पाच वर्षांनंतर बाजारात ओळख भावाची असेल आणि मुलीजवळ केवळ पदवीचा कागद उरेल. विवाहाच्या परिचयपत्रात तो शोभून दिसतो. पण लग्न होऊन ती दुसऱ्या गावी गेली, की भावाची ओळख तिच्या उपयोगी पडत नाही. स्वतः जोडलेल्या ओळखी मात्र तिच्याबरोबर जातात. साइटवर न्यावयाचे तर दिवसाउजेडी न्यावे, हवे तर दोन मैत्रिणींनी मिळून जावे, वडीलधाऱ्याने दूर खुर्ची टाकून बसावे. परंतु बोलणे तिचे असावे, बिलावर नाव तिचे असावे, बँकेतील खाते तिचे असावे. उद्यम नोंदणी आता घरबसल्या होते. तीही तिच्याच नावाने असावी.

वहीच्या मांडणीविषयी थोडेसे सांगून विषय आवरता घेऊ. भेटलेल्या प्रत्येकाचे नाव, गाव, काम, भेटीची तारीख, ओळख करून देणाऱ्याचे नाव, त्याच्याकडून शिकलेली एक गोष्ट आणि आपण देऊ केलेली एक गोष्ट, एवढे सहा-सात रकाने पुरेत. वही कागदाची असो वा संगणकातील, लेखन त्याच रात्री व्हावे. ज्याने वेळ दिला त्याला दुसऱ्या दिवशी दोन ओळींचे आभार जावेत, आणि त्यात त्याच्या बोलण्यातील एखादी नेमकी गोष्ट असावी. ‘मार्गदर्शनाबद्दल धन्यवाद’ हे कोणालाही लिहिता येते. त्याने सुचवलेले करून पाहिले, तर महिन्याने ते कसे झाले हे कळवावे. काम मागावयाचे असेल तेव्हा आडपडदा न ठेवता सरळ मागावे : अमुक महिन्यांत उमेदवारी करावयाची आहे, अमुक येते, अमुक शिकावयाचे आहे. आणि दिवाळीत वही उघडून ज्यांच्याशी वर्षभर बोलणे झाले नाही, अशा दहा-पंधरा जणांची निव्वळ विचारपूस करावी, काही न मागता. व्यापाऱ्यांच्या घरात वहीपूजन होतेच. त्या पंक्तीत मुलांची ही वहीही ठेवावयास हरकत नाही.

२०१५ नंतरचा नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ २०२७ मध्ये येत आहे. अशा पर्वकाळाच्या तोंडावर निवास, भोजनगृहे, दुकाने, जुनी घरे यांच्या दुरुस्तीची व सजावटीची कामे निघतात, आणि नव्या मुलांना प्रथमच संधीचा दरवाजा किलकिला दिसतो. घाईच्या दिवसांत वरवरचे काम खपूनही जाते. पण सिंहस्थ साधारण १२ वर्षांनी पुन्हा येतो, आणि त्र्यंबक हे नोंदी ठेवणारे गाव आहे. तेथील मंदिराचे काम नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये सुरू करविले. ते १७८६ मध्ये पुरे झाले, तेव्हा नानासाहेबांना जाऊन २५ वर्षे लोटली होती. काम चालू राहिले, कारण ते सुरू करणाऱ्याचा शब्द मागच्यांनी आपला मानला. आज वीस वर्षांचा असलेला विद्यार्थी पुढच्या सिंहस्थाच्या वेळी तिशीत पोहोचलेला असेल. यंदा ज्याच्या ओसरीला त्याने हात लावला, तो घरमालक तेव्हा त्याला बोलावील की टाळील, एवढ्या एका प्रश्नात त्याच्या साऱ्या ओळखींचे मोल सामावलेले आहे. त्याचे उत्तर घरच्यांच्या हाती नाही. घरच्यांनी वही विकत आणून द्यावी. पाने त्याची त्याला भरू द्यावीत.